एकच विषय, तीन वाचक: शाळेच्या इंग्रजी पेपरात आर्टिकल आणि रिपोर्ट कसा लिहावा

पेपर हातात आला की बहुतेक मुलं लेखनाच्या प्रश्नातला एकच शब्द वाचतात, आणि तो म्हणजे विषय. ‘लायब्ररी’ दिसलं की लायब्ररीबद्दल डोक्यात असेल ते सगळं कागदावर उतरायला लागतं. पुस्तकं आपली मित्र असतात, वाचनाने ज्ञान वाढतं, हल्ली मुलं मोबाइलमध्येच असतात. पान भरतं. इंग्रजीही बरं असतं. तरी गुण निम्म्यावर अडकतात आणि मुलांना वाटतं की आपले शब्द कमी पडले, आता पाठ करायला नवे शब्द शोधले पाहिजेत.

अशी उत्तरं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि शब्द कमी पडल्यामुळे गुण गेलेली उत्तरं मला फार थोडी दिसली. प्रश्नात रिपोर्ट मागितलेला असतो आणि लिहिलेला असतो निबंध, ही तक्रार मात्र जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात असते. केंब्रिजच्या बी-२ फर्स्ट परीक्षेचं उदाहरण घ्या. तिथे लेखनाचा पेपर १ तास २० मिनिटांचा असतो, दोन उत्तरं लिहायची असतात आणि प्रत्येकाला १४० ते १९० शब्दांची मर्यादा असते. उत्तर चार निकषांवर तपासतात: विचारलेलं सगळं आलं का, त्या वाचकाला आणि त्या प्रकाराला शोभेल असं लिहिलं का, मांडणी कशी आहे आणि भाषा कशी आहे. प्रत्येक निकषाला ५ गुण. म्हणजे आपण जिची सर्वांत जास्त धास्ती घेतो ती भाषा चारपैकी एका खान्यात बसते. उरलेले तीन खाने विचाराचे आहेत. तुमच्या परीक्षेतली विभागणी वेगळी असेल. ती आधी बघून ठेवा, पण मांडणीला गुण कुठे ना कुठे असतातच.

या लेखात मी एकच विषय शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे, शाळेची लायब्ररी. त्यावरच मुख्याध्यापकांसाठी रिपोर्ट, शाळेच्या मासिकासाठी बातमीवजा रिपोर्ट आणि मासिकासाठीच आर्टिकल कसं होतं ते पाहू. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, चूक डोळ्याआधी कानाला कळते.

प्रश्नाला पेन्सिल लावा

समजा प्रश्न असा आहे: ‘तुमच्या शाळेची लायब्ररी फारशी वापरली जात नाही. याची कारणं सांगणारा आणि दोन सुधारणा सुचवणारा रिपोर्ट मुख्याध्यापकांसाठी लिहा. शब्दमर्यादा १२० ते १५०.’

यातल्या पाच गोष्टींखाली रेघ ओढायची. काय लिहायचं आहे? रिपोर्ट. कोण वाचणार? मुख्याध्यापक. ते वाचून काय करणार? निर्णय घेणार. कोणते मुद्दे आलेच पाहिजेत? कारणं आणि दोन सुधारणा. किती लिहायचं? १५० शब्दांपर्यंत.

तिसरा प्रश्न छापलेला नसतो, तो आपण स्वतःला विचारायचा असतो, आणि सगळं उत्तर त्याच्यावर उभं राहतं. मुख्याध्यापकांना वाचनाचं महत्त्व पटवून द्यायची गरज नाही, ते त्यांना ठाऊक आहे. त्यांना हवं आहे की नेमकं कुठे अडलंय आणि त्यांनी काय करावं. हे एकदा लक्षात आलं की ‘पुस्तकं आपली मित्र असतात’ हे वाक्य आपोआप गळून पडतं. तोच विषय मासिकातल्या आर्टिकलसाठी आला, तर वाचक म्हणजे तुमच्यासारखाच एक विद्यार्थी. त्याच्यावर वाचायची सक्ती नाही, कंटाळला की तो पान उलटतो. त्याला धरून ठेवणं हे आर्टिकलचं पहिलं काम आहे.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवून टाकू. इंग्रजीत रिपोर्ट हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. झालेल्या कार्यक्रमाचा किंवा घटनेचा वृत्तांत हाही रिपोर्ट, आणि एखाद्या प्रश्नाची पाहणी करून वरिष्ठांना दिलेला अहवाल हाही रिपोर्ट. प्रश्नात घटना दिली असेल आणि वाचक म्हणून मासिक किंवा वर्तमानपत्र असेल तर वृत्तांत लिहा. समस्या दिली असेल, सूचना मागितल्या असतील आणि वाचक अधिकारी असेल तर अहवाल लिहा. या दोन्हींची रचना इतकी वेगळी आहे की इथे चुकलं तर पुढचं चांगलं इंग्रजीही फारसं वाचवू शकत नाही.

दीडशे शब्द म्हणजे किती?

हा हिशोब बरीच मुलं कधी करतच नाहीत. साधं इंग्रजी वाक्य १२ ते १५ शब्दांचं होतं. म्हणजे १५० शब्दांत तुम्हाला १० ते १२ वाक्यं मिळतात. फक्त तेवढीच. त्यातलं एक वाक्य सुरुवातीला आणि एक शेवटाला गेलं की हातात आठ-दहा उरतात. प्रत्येक मुद्द्याला एक वाक्य तो सांगायला, एक कारणाला आणि एक उदाहरणाला लागतं. आठ-दहा वाक्यांत तीन मुद्दे बसतात, चौथा ओढून-ताणून.

म्हणून आराखडा करताना आठ मुद्दे सुचले याचा आनंद मानू नका, त्यातले पाच खोडा. खोडताना वाईट वाटतं, मला माहीत आहे. पण आठ मुद्दे आठ वाक्यांत सांगितले की एकही मुद्दा उभा राहत नाही, नुसती यादी होते. तपासणाऱ्याला ‘मुद्दा सांगितला, पण फुलवला नाही’ असंच म्हणावं लागतं.

अर्ध्या तासाच्या उत्तरासाठी मी मुलांना ५, २० आणि ५ अशी वाटणी सांगते. पाच मिनिटं प्रश्न आणि आराखडा, वीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं तपासणी. ‘आराखड्यात वेळ जातो’ असं म्हणणारी मुलंच मधल्या परिच्छेदात दोनदा खाडाखोड करतात आणि बाणाने वाक्यं इकडून तिकडे नेतात. आराखडा पूर्ण वाक्यांत करायचा नाही. कच्च्या कामाच्या जागेत चार ओळी पुरतात, आणि त्या मराठीत लिहिल्या तरी चालतात:

वेळ: शेवटच्या तासाआधी बंद. नवी पुस्तकं नाहीत. सूचना १: तासभर उशिरापर्यंत उघडी. सूचना २: विद्यार्थ्यांकडून पुस्तकांची यादी.

इथे दोन कारणं आहेत, दोन सूचना आहेत, आणि प्रत्येक सूचना एकेका कारणाला उत्तर देते. हे जुळवून घेतलं नाही तर पुढे अहवाल कोसळतो. ‘आराखडा मराठीत’ म्हणजे फक्त शब्द मराठीत. मराठीत पूर्ण वाक्य रचून त्याचं भाषांतर करू नका. त्याने काय होतं ते पुढे सांगते.

अहवाल: निर्णय घेणाऱ्यासाठी

शीर्षक सरळ ठेवा, त्यात चमत्कार नको. ‘रिपोर्ट ऑन द यूज ऑफ द स्कूल लायब्ररी’ एवढं पुरे. कोणाला, कोणाकडून, तारीख या ओळी तुमच्या परीक्षेत मागत असतील तर सुरुवातीला लिहा. त्यांचा गुण सोपा असतो, फुकट घालवू नका.

पहिल्या परिच्छेदात हेतू आणि माहिती कशी मिळवली ते सांगायचं:

‘दी एम ऑफ दिस रिपोर्ट इज टू एक्सप्लेन व्हाय फ्यू स्टूडेंट्स यूज द स्कूल लायब्ररी अँड टू सजेस्ट टू इम्प्रूव्हमेंट्स. फॉर्टी स्टूडेंट्स फ्रॉम थ्री क्लासेस वेअर इंटरव्ह्यूड.’

दुसरं वाक्य लहान आहे, पण मोलाचं आहे. त्याने वाचकाला कळतं की पुढचं सगळं तुमचं एकट्याचं मत नाही. परीक्षेत अशी पाहणी कल्पनेने रचलेली चालते. मात्र आकडा खरा वाटेल असा घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. सुरुवातीला चाळीस मुलांशी बोललात तर पुढे ‘हंड्रेड्स ऑफ स्टूडेंट्स’ कुठून आली, असा प्रश्न तपासणाऱ्याला पडतो.

मधल्या भागात निष्कर्ष येतात. प्रत्येक कारणाला आपला परिच्छेद, आणि उपशीर्षकं दिली तर फारच चांगलं: ‘ओपनिंग अवर्स’, ‘चॉइस ऑफ बुक्स’. मुख्याध्यापक घाईत असले तरी नुसत्या उपशीर्षकांवरून त्यांना गाभा कळला पाहिजे. वाक्यं अशी:

‘द लायब्ररी क्लोजेस बिफोर द लास्ट लेसन एंड्स, सो मोस्ट स्टूडेंट्स कॅनॉट व्हिजिट इट ऑन अ नॉर्मल डे. मोअर दॅन हाफ ऑफ दोज इंटरव्ह्यूड सेड दॅट दे कुड नॉट फाइंड न्यू बुक्स देअर.’

इथे ‘आय थिंक’ नाही, ‘व्हेरी व्हेरी बॅड’ नाही, कोणावर राग नाही. लायब्ररी सांभाळणाऱ्यांना दोष देण्याचा मोह मुलांना फार होतो. अहवालात माणसाला दोष द्यायचा नसतो, अडचण दाखवायची असते. कर्मणी प्रयोग इथे उपयोगी पडतो, कारण कोणी केलं यापेक्षा काय झालं हे महत्त्वाचं असतं. पण प्रत्येक वाक्य कर्मणी केलं की उत्तर निर्जीव होतं. तीन-चार ठिकाणी पुरे.

मग सूचना. मघाशी जुळवलेल्या जोड्या इथे कामाला येतात. कारण वेळेचं सांगितलं आणि सूचना ‘भिंतींना रंग द्या’ अशी केली, तर वाचक म्हणेल की रंगाचं तुम्ही आधी बोललाच नाहीत. नवी गोष्ट सूचनांत पहिल्यांदा उगवता कामा नये. आणि सूचना करता येण्याजोगी हवी. ‘लायब्ररी सुधारावी’ ही इच्छा झाली. ‘शेवटच्या तासानंतर एक तास उघडी ठेवावी’ ही सूचना.

इथे एक व्याकरणाचा खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ सगळे पडतात. ‘आय सजेस्ट टू कीप’ आणि ‘आय रेकमेंड टू कीप’ ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. या दोन क्रियापदांपुढे ‘टू’ लावून क्रियापद येत नाही, ‘इंग’चं रूप येतं किंवा ‘दॅट’ने सुरू होणारं उपवाक्य येतं. ‘आय रेकमेंड कीपिंग द लायब्ररी ओपन फॉर वन अवर आफ्टर द लास्ट लेसन.’ किंवा ‘आय सजेस्ट दॅट स्टूडेंट्स शुड बी आस्क्ड फॉर अ लिस्ट ऑफ बुक्स.’ सूचना मागणारा प्रत्येक प्रश्न तुमच्याकडून ही दोन क्रियापदं काढून घेणारच, तेव्हा हे दोन साचे जिभेवर बसवून टाका.

वृत्तांत: झालेल्या गोष्टीची बातमी

आता समजा लायब्ररीत पुस्तकांची अदलाबदल झाली आणि शाळेच्या मासिकासाठी तिचा वृत्तांत लिहायचा आहे. मुलं घड्याळाप्रमाणे लिहायला लागतात: सकाळी सगळे जमले, पाहुणे आले, त्यांचं स्वागत झालं, त्यांनी भाषण केलं. मुख्य गोष्ट येईपर्यंत ८० शब्द संपलेले असतात.

बातमीची रीत उलटी आहे. सर्वांत महत्त्वाचं सर्वांत वर आणि खाली जाल तसं कमी महत्त्वाचं. वृत्तपत्रात याला उलटा पिरॅमिड म्हणतात. जागा कमी पडली की संपादक बातमी खालून कापू शकतो, आणि तरी वाचकाला मुख्य गोष्ट मिळते. तुमच्या वृत्तांताची तशीच परीक्षा घ्या. शेवटचा परिच्छेद हाताने झाका. बातमी पूर्ण वाटते का?

पहिल्या एक-दोन वाक्यांत काय, कोण, कुठे, कधी, का आणि कसं यांची उत्तरं द्यायची. पाहा:

‘ओव्हर थ्री हंड्रेड बुक्स चेंज्ड हँड्स ऑन फ्रायडे व्हेन द स्टूडेंट कौन्सिल हेल्ड अ बुक एक्स्चेंज इन द स्कूल लायब्ररी.’

काय झालं, किती मोठं झालं, कधी, कोणी केलं, कुठे, हे सगळं एका वाक्यात आलं. ‘का’ आणि ‘कसं’ पुढच्या वाक्याला द्या. मग तपशील, मग एखाद्या सहभागी मुलाचं म्हणणं, आणि शेवटी पुढे काय होणार ते. ‘अशा प्रकारे कार्यक्रम आनंदात पार पडला आणि सगळे आठवणी घेऊन घरी गेले’ हे वाक्य कृपा करून सोडून द्या. ते प्रत्येक वहीत असतं आणि त्यातून काहीही कळत नाही.

मथळ्यात मात्र एक गंमत आहे. घटना झालेली असली तरी इंग्रजी मथळा साध्या वर्तमानकाळात असतो: ‘स्टूडेंट्स स्वॉप थ्री हंड्रेड बुक्स’. खालचा मजकूर सगळा भूतकाळात. मुलं मथळ्याचा काळ मजकुरात ओढून नेतात आणि मग एक वाक्य ‘केम’चं, पुढचं ‘गिव्ज’चं असं होत जातं. लिहिताना समासात ‘भूत’ असं बारीक लिहून ठेवा, खरंच मदत होते.

वृत्तांतात ‘आय’ शक्यतो नको आणि मत अजिबात नको. कार्यक्रम छान झाला असं तुम्हाला म्हणायचं असेल तर ते कुणा सहभागी विद्यार्थ्याच्या तोंडून येऊ द्या.

आर्टिकल: सक्ती नसलेल्या वाचकासाठी

आर्टिकलमध्ये तुमचा आवाज हवा. इथे ‘आय’ चालतं, वाचकाला ‘यू’ म्हणून हाक मारता येते, प्रश्न विचारता येतो. शीर्षक त्याला आत ओढणारं असावं. ‘इम्पॉर्टन्स ऑफ लायब्ररी’ हे निबंधाचं शीर्षक झालं. ‘द रूम वी फरगॉट’ वाचून निदान कोणती खोली, हा प्रश्न पडतो. शीर्षकाखाली नाव लिहायची पद्धत असेल तर प्रश्नात दिलेलं नाव लिहा.

पहिल्या वाक्यावर मात्र वेळ घालवा. ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’, ‘अ‍ॅज वी ऑल नो’ या सुरुवाती इतक्या झिजल्या आहेत की तपासणाऱ्याचे डोळे त्यांच्यावरून घसरून पुढे जातात. त्यापेक्षा एक साधा, खरा प्रश्न:

‘व्हेन डिड यू लास्ट ओपन अ बुक दॅट नोबडी हॅड टोल्ड यू टू रीड?’

किंवा एक छोटं चित्र: शेल्फवरच्या पुस्तकात सापडलेली जुनी चिठ्ठी, ज्यावर कुणीतरी आवडलेल्या पानाचा आकडा लिहून ठेवलाय. सुरुवात काहीही करा, फक्त ती तुमच्या विषयाचीच हवी. एक कसोटी सांगते. पहिलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही विषयाच्या आर्टिकलला जसंच्या तसं लावता येत असेल तर ते खोडा.

मग परिच्छेद. माझ्या मते आर्टिकलचे सगळे गुण इथे ठरतात. हा परिच्छेद बघा:

‘लायब्ररी इज व्हेरी इम्पॉर्टंट. वी शुड गो टू लायब्ररी. इट गिव्ज अस नॉलेज. इट इज आल्सो गुड फॉर अवर फ्यूचर.’

चार वाक्यं, आणि चारही एकाच जागी उभी. कुठलंही वाक्य कुठेही ठेवा, फरक पडत नाही, कारण कोणतंच वाक्य आधीच्यातून निघालेलं नाही. आता हा:

‘अ लायब्ररी लेट्स यू फाइंड अ बुक बाय ॲक्सिडेंट. ऑनलाइन, यू युज्वली फाइंड ओन्ली व्हॉट यू सर्च फॉर. ऑन अ शेल्फ, द बुक यू वॉन्ट स्टँड्स नेक्स्ट टू टेन यू हॅव नेव्हर हर्ड ऑफ. दॅट इज हाउ आय फाउंड माय फर्स्ट बुक अबाउट द स्टार्स.’

एकही अवघड शब्द नाही. पण पहिलं वाक्य मुद्दा सांगतं, दुसरं आणि तिसरं तुलना करून कारण देतात, चौथं स्वतःचं उदाहरण. क्रम बदलून बघा, परिच्छेद मोडतो. वाक्यांचा क्रम बदलला की अर्थ मोडला पाहिजे, हीच चांगल्या परिच्छेदाची ओळख. घरी सराव करताना प्रत्येक परिच्छेदावर ही परीक्षा करा.

वाक्यं जोडण्यासाठी मुलं ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘इन ॲडिशन’ अशी ओळीने पेरतात. जोड शब्दांनी होत नाही, अर्थाने होते. आधीच्या वाक्यातली गोष्ट पुढच्या वाक्याने उचलली की ती जोडली जाते. वरच्या परिच्छेदात ‘दॅट इज हाउ’ ते काम करतं. ‘दिस हॅबिट’, ‘दिस प्रॉब्लेम’, ‘सच बुक्स’ असे छोटे शब्द मोठ्या जोडशब्दांपेक्षा जास्त भार उचलतात.

विरुद्ध बाजूला एक-दोन वाक्यं द्या. मोबाइलवर पुस्तकं मिळतात हे खरंच आहे, ते मान्य करा आणि मग आपला मुद्दा ठेवा. त्याने लिहिणारा समंजस वाटतो. शेवट वाचकाकडे वळवा: उद्या मधल्या सुट्टीत काय कर, हे त्याला सांगा. ‘इन कन्क्लूजन’ लिहून वर सांगितलेलंच पुन्हा सांगण्यात १२ पैकी दोन वाक्यं वाया जातात.

मराठी डोक्यातून येणाऱ्या चुका

मराठीत वाक्य रचून ते इंग्रजीत उतरवलं की काही ठरावीक चुका होतात. त्या नेमक्या कुठून येतात हे कळलं की सुटतात, म्हणून इथे जरा थांबते.

मराठीत ‘जरी’ आलं की ‘तरी’ येतंच. त्यामुळे ‘ऑल्दो’ लिहिलं की हात आपोआप ‘बट’ लिहितो: ‘ऑल्दो द लायब्ररी इज बिग, बट फ्यू स्टूडेंट्स यूज इट’. इंग्रजीला दोन्ही नकोत. ‘ऑल्दो’ ठेवा नाहीतर ‘बट’. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ची जोडीही तशीच. ‘जी मुलं उशिरा येतात ती’ यातून ‘व्हिच स्टूडेंट्स कम लेट, दे’ असं वाक्य जन्मतं. इंग्रजीत नाम आधी घ्या: ‘स्टूडेंट्स हू कम लेट’.

वृत्तांतात सगळ्यांत महाग पडणारी चूक ‘की’ची आहे. मराठीत आपण ‘ती म्हणाली की मी पुन्हा येईन’ असं म्हणतो. ‘की’नंतर तिचे शब्द जसेच्या तसे. इंग्रजीत ‘शी सेड दॅट आय विल कम अगेन’ लिहिलं तर येणार कोण? लिहिणारा! तिथे सर्वनामही बदलतं आणि काळही मागे सरकतो: ‘शी सेड दॅट शी वुड कम अगेन’.

‘पासून’ हा एक शब्द इंग्रजीत दोन होतो. ‘सोमवारपासून’ला ‘सिन्स मंडे’, पण ‘पाच वर्षांपासून’ला ‘फॉर फाइव्ह इयर्स’. सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, मोजलेला काळ असेल तर ‘फॉर’. ‘कालच’ मधला ‘च’ लिहायला ‘यस्टर्डे ओन्ली’ असं लिहू नका. इंग्रजीत तो ‘च’ बहुतेक वेळा सोडून द्यावा लागतो. ‘च्याबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’ होतं, तिथे ‘अबाउट’ नको. उलट ‘मला समजावलं’ म्हणून ‘एक्सप्लेन्ड मी’ होतं, तिथे ‘टू’ हवा: ‘एक्सप्लेन्ड इट टू मी’.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, त्यामुळे ते राहून जाणं साहजिक आहे. सगळे नियम परीक्षेत आठवणार नाहीत, पण एक सवय पुष्कळ वाचवते. एकवचनी, मोजता येणारं नाम दिसलं की त्याच्या आधी काहीतरी हवंच: ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘दिस’, काहीही. गोष्ट पहिल्यांदा येत असेल तर बहुधा ‘अ’, वाचकाला कोणती ते कळलेलं असेल तर ‘द’. आणि ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘ॲडव्हाइस’ यांना शेवटी ‘स’ लागत नाही. लायब्ररीच्या अहवालात यातले तीन तरी येतातच.

शेवटची पाच मिनिटं

सगळ्या चुका एका वाचनात सापडत नाहीत, कारण अर्थ वाचताना अक्षरं दिसत नाहीत. म्हणून तीन वेगळ्या फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं: काळ बरोबर आहे का, एकवचन-अनेकवचन जुळतं का, ‘डिड नॉट’पुढे ‘वेंट’ तर नाही ना. दुसऱ्या फेरीत फक्त नामं: आधी ‘अ’ किंवा ‘द’, शेवटी ‘स’, आणि ‘वन ऑफ द’ नंतर अनेकवचन. तिसऱ्या फेरीत प्रश्नाकडे परत जा आणि रेघ मारलेल्या पाचही गोष्टी उत्तरात बोट ठेवून दाखवता येतात का ते बघा. वेळ अगदीच कमी असेल तर तिसरी फेरी आधी करा. राहिलेला मुद्दा हा राहिलेल्या ‘स’पेक्षा महाग पडतो.

शब्द एकेक मोजत बसू नका. आपल्या अक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते घरीच काढून ठेवा. दहा बसत असतील तर पंधरा ओळी म्हणजे दीडशे शब्द.

घरचा सराव

रोज नवं आर्टिकल लिहिण्यापेक्षा एकच विषय आठवडाभर फिरवा. पहिल्या दिवशी त्याचा अहवाल, दुसऱ्या दिवशी वृत्तांत, तिसऱ्या दिवशी आर्टिकल. चौथ्या दिवशी यातलं सर्वांत लांब झालेलं उत्तर घेऊन त्यातले ४० शब्द काढा, पण एकही मुद्दा न काढता. सगळ्यांत जास्त शिकवतो तो हाच दिवस. कुठली वाक्यं नुसती जागा अडवून बसली होती ते तेव्हाच दिसतं.

पाचव्या दिवशी उत्तर कोणाला तरी वाचायला द्या, पण ‘कसं झालंय’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान’ असंच येतं. तुम्ही प्रश्न लपवून ठेवा आणि वाचणाऱ्याला विचारा: हे कोणासाठी लिहिलंय? वाचून त्याने काय करायचं आहे? वाचणाऱ्याला दोन्ही सांगता आलं नाही तर सहाव्या दिवशी त्याच विषयाचं उत्तर पुन्हा लिहा, जुनं समोर न ठेवता.